आबांची केळ आणि सहा ऑक्सिजनचं कडं

आबांची केळ मरत होती, आणि तिचं औषध शेजारच्याच टाकीत होतं. कोडं एवढंच, की ते बाहेर काढायचं कसं?

मंगळावरच्या त्या वसाहतीत केळ एकच. आबा, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ सदानंद भंगाळे, जळगावहून निघाले तेव्हा चार कपडे कमी करून त्यांनी तिचा कंद सामानात घातला होता. आता तिच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपत होत्या. तिला पोटॅशियम कमी पडत होतं. टाकीतल्या खारट पाण्यात ते होतं, पण सोडियम त्याच्या कितीतरी पट. ते पाणी तसंच घातलं असतं तर केळ उद्याची आजच गेली असती. आणि ती सुधारली नाही, तर तिच्या जागी बटाटे लावायचे असं बैठकीत ठरून गेलं होतं.

आबांची नात शाल्मली हिने उपाय शोधला, क्राउन ईथर (कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंचं कडं, त्यातले ऑक्सिजन धातूच्या आयनाला, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूला, मधोमध धरून ठेवतात). सहा ऑक्सिजनचं कडं पोटॅशियम निवडतं, असं तिने वाचलं होतं. पण वसाहतीचा दंडक असा, की आधी संगणकात प्रतिकृती (खऱ्या गोष्टीची आकड्यांत केलेली नक्कल) चालवायची. ती हो म्हणाली तरच साहित्य मिळणार. साहित्य तरी किती, एका घाण्यापुरतं.

प्रतिकृती नाही म्हणाली.

"हे कडं सोडियमलाच जास्त घट्ट धरतंय," शाल्मलीचा चेहरा पडला. "परत परत करून पाहिलं. आबा, आपली केळ जाणार हो."

आबा पडद्यापाशी वाकले. "कडं दिसलं. सोडियम दिसलं. पाणी कुठाय?"

"पाणी कशाला? उगाच वाया!"

आबा हसले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पोरीचा तरी काय दोष? त्या वसाहतीत मुलं बोलायला लागतात ती 'नळ बंद कर' म्हणतच. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती, की संगणकातलं फुकटचं पाणीसुद्धा तिने वाचवलं होतं.

"ऐक," आबा म्हणाले. "पाण्यात आयन कधी उघडा नसतो. पाण्याचे रेणू त्याला बिलगलेले असतात. सोडियम अंगाने लहान, त्याचा भार इवल्याशा जागेत एकवटलेला. म्हणून पाणी त्याला घट्ट धरतं. पोटॅशियमचा भार तेवढाच, पण अंग मोठं, म्हणून पाण्याची पकड सैल. आता कड्यात शिरायचं, तर अंगावरचं पाणी सोडायला नको?"

शाल्मली एकदम ओरडली, "म्हणजे कडं किती जोरात ओढतं एवढंच मी पाहिलं! पाणी मागे किती ओढतं, ते धरलंच नाही!"

"मग? ती वजाबाकी कोण करणार, केळ?"

तिने प्रतिकृतीत पाण्याचे रेणू सोडले. आकडेमोड फार वाढली, संगणक रेंगाळला, पण उत्तर फिरलं. कडं सोडियमला जेवढं ओढत होतं, जवळजवळ तेवढंच पाणीही त्याला मागे ओढत होतं. पोटॅशियमचं पाणी मात्र सहज सुटलं, आणि पोटॅशियम कड्याच्या पोकळीत नेमकं बसलं.

साहित्य मिळालं. कडी बारीक मण्यांवर चिकटवून टाकीत सोडली, त्यांनी धरलेलं पोटॅशियम सोडवून घेतलं आणि ते केळीला दिलं. करपलेल्या कडा काही हिरव्या झाल्या नाहीत. त्या होतही नसतात. पण काही आठवड्यांनी मधून पोंगा (केळीचं गुंडाळलेलं कोवळं पान) वर आला, आणि उलगडला तो कडेपर्यंत हिरवागार. आबांना इतका आनंद झाला, की ते पानावरून हात फिरवतच राहिले.

"आता लिथियम," शाल्मली म्हणाली. "जुन्या बॅटऱ्यांतलं वेगळं काढता आलं, तर पृथ्वीवरून मागवायला नको. त्याला लहान कडं लागेल, बहुतेक."

ती संगणकापुढे बसली. या वेळी कड्याच्याही आधी तिने पाणी सोडलं. पडदा काठोकाठ भरला तरी तिचं बोट बटणावरून हलेना.

"अगं, नळ बंद कर!" आबा म्हणाले.