दोन ठोके, मग एक

खाली लिहिलंय ते सगळं घडलेलं आहे. मनाचं रचलं असतं, तर शेवट जरा बरा केला असता.

जागा इगतपुरीजवळचा एक सोडून दिलेला बोगदा. २००६च्या नोव्हेंबरातली दुपार.

देवराम माझे मामा. १९९४ साली याच बोगद्याचं काम चालू असताना खडक कोसळला आणि ते आत अडकले.

बोगद्यातल्या माणसांचा रिवाज असा. अडकलेल्याने पाण्याच्या पाइपावर ठोकायचं. दोन ठोके, जरा थांबून एक. बाहेरून तसंच उत्तर आलं, की गप्प बसायचं. दम वाचवायचा. वाट बघायची.

मामांनी ठोकलं. बाहेरून उत्तर गेलं. मामा गप्प बसले.

मग पाळी बदलली. उत्तर दिलंय, हे नव्या पाळीला सांगायचं राहून गेलं. आतून आवाज नाही म्हणजे माणूस गेला, असं धरून त्यांनी खोदणं थांबवलं.

मामा सापडलेच नाहीत.

पुढे तिथेच न्यूट्रिनो शोधायचं यंत्र बसलं. न्यूट्रिनो हा कण डोंगरातून आरपार जातो, टोलनाक्यावरून मंत्र्याची गाडी जावी तसा. आभाळातून बरसणारे बाकीचे कण डोंगर अडवतो, म्हणून यंत्र खोल बोगद्यात. कण लागला की ‘टिक’. कधीही, कसाही.

मामांची मुलगी साधना फिजिक्स शिकलेली. ही नोकरी तिने मागून घेतली होती. त्या दुपारी तिने मला आणि चंद्रभागामामींना मुद्दाम बोलावलं. कशाला, ते सांगेना.

आम्ही यंत्रापाशी उभे राहिलो.

बराच वेळ काही नाही...

टिक, टिक...

टिक.

योगायोग, मी म्हटलं. महिनाभर सगळ्या तारा तपासतेय दादा, एवढंच साधना म्हणाली.

टिक, टिक...

टिक.

ढिगाऱ्यातून जुना पाइप अजून बाहेर आलेला होता. साधनाने लोखंडी पाना उचलला. मामींनी तिचा हात धरला.

“नको बाई. जबाब दिला की गप बसतील. वाजू दे. तेवढंच हाय आपल्याकडं.”

साधनाने पाना खाली ठेवला.

त्यानंतर मामी दर सोमवारी येऊन यंत्राजवळ बसायच्या. शास्त्रज्ञांना त्या टिकटिकीचं कारण सांगता आलं नाही, पण त्यांनी खुर्ची दिली.

दोन वर्षांनी प्रकल्प गुंडाळला. यंत्र उचलायच्या दिवशी मामींनीच पाना मागितला. आता मामा ठोकत राहणार आणि ऐकायला कुणी नसणार, हे त्यांना सोसवेना.

ठक, ठक...

ठक.

यंत्र गप्प झालं. एकही टिक नाही. असं होऊच शकत नाही, साधना पुटपुटली. मामी मात्र पाइपावरून हात फिरवत राहिल्या.

मामी आता नाहीत. साधना परदेशात असते. बोगद्याच्या तोंडावर भिंत बांधलीय.

इगतपुरीवरून जाताना मी त्या डोंगराकडे बघत नाही.

उत्तर मिळालं, की आतला माणूस वाट बघत बसतो...

आणि उत्तर आम्ही दिलंय.