चौथी रेघ

दिनकरराव आले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. वैशाखातली परभणीची दुपार. कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी एका दुकानाच्या जिन्याचा नकाशा काढत बसले होते. घरांचे, दुकानांचे नकाशे काढणं हे माझं काम. स्वभावही त्याला साजेसा काटेकोर. भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर तिरकं असलं तर मला जेवण गोड लागत नाही, आणि अर्धी सोडलेली रेघ दिसली की हात शिवशिवतात.

दिनकरराव पालमकडच्या एका खेड्यातले निवृत्त मास्तर, तिथल्या छोट्या चर्चचा कारभार पाहणारे. त्यांनी पिशवीतून एक खळ दिलेलं निळसर कापड काढून टेबलावर उलगडलं. पूर्वी नकाशे अशा कापडावर काढत. शाई शंभर वर्षांपूर्वीची असावी.

"बाप्तिस्म्याचं कुंड हाय हे आमचं," ते म्हणाले. "लेकराच्या डोक्यावर ज्यातलं पाणी घालतेत ते दगडी पात्र. जुनं तडकलं. सटवाजी पाथरवट नवं घडवायलाय. जसं हाय तसं उतरवून द्या, वैजयंतीताई."

"कधीपर्यंत हवंय?"

"पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी नातीचा बाप्तिस्मा हाय." ते जरा थांबले. "सुनंची दोन लेकरं डोक्यावर पाणी पडायच्या आधीच गेली. ही तिसरी. हिच्या टायमाला उशीर नको."

नकाशा सुरेख होता. अष्टकोनी पात्र, किनारीवर पाकळ्या, खाली बुटका खांब, आणि पात्राच्या तळातून सरळ जमिनीत उतरलेली नळी. नळीला शेवट दाखवलेला नव्हता. पाणी मातीत जिरवत असणार, इतकं माझ्या लक्षात आलं. आमच्याकडेही पूजेचं पाणी मोरीत जाऊ देत नाहीत, झाडाला घालतात. नळीच्या भोवती, जमिनीखाली, तुटक रेघांचे छोटे लांबट चौकोन होते, दोन-अडीच फुटांचे. तुटक रेघ म्हणजे तिथं काहीतरी आहे, पण वरून दिसत नाही. सवयीनं मोजले. नऊ भरले. सात पुसट, दोन जरा ठळक. पायाचे जुने दगड असतील, असं मी धरून चालले.

मला खुपलं ते वेगळंच. कुंड चर्चच्या मधोमध नव्हतं. चार फूट डावीकडे, कोपऱ्यात दडल्यासारखं होतं. ज्यानं कुणी नकाशा काढला त्याची चूक, असं म्हणून मी ती सुधारली. माझ्या नव्या नकाशात कुंड मध्यरेषेवर आणलं आणि ते नऊ चौकोन निरुपयोगी म्हणून गाळून टाकले. कुणाला विचारलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

बाप्तिस्म्याच्या आदल्या शुक्रवारी काम बघायला मी एसटीनं गेले. उन्हानं गाव गप्प पडलं होतं. चर्चमध्ये मात्र गारवा होता. ओल्या दगडाचा आणि चुन्याचा वास होता, आणि खिडकीतून येणारा उजेड फरशीवर इतका संथ पसरला होता की मला जागेपणीच झोपेत असल्यासारखं वाटू लागलं. सटवाजीनं काळ्या दगडातून काढलेलं कुंड मधोमध उभं होतं. देखणं दिसत होतं.

मी कळशीभर पाणी ओतलं. ते तळाशी जाऊन थांबलं.

"नळी तुंबली का?" मी विचारलं.

सटवाजीनं सळई घातली. ती अडथळ्याशिवाय खालपर्यंत गेली. त्यानं ती बाहेर काढली, तरी पाणी हललं नाही. तळाला भोक उघडं, आणि पाणी त्याच्यावर आरशासारखं निवांत. सटवाजी माझ्याकडे बघत राहिला, मग पहार आणायला म्हणून बाहेर गेला.

तेव्हा मला ऐकू आलं. डावीकडून, जिथं कुंड आधी होतं तिथल्या नव्या कोरड्या फरशीखालून. रिकाम्या वाटीला ओठ लावून कुणीतरी चोखावं, तसा बारीक आवाज. एकाचा नव्हता तो.

दारात दिनकररावांची सून सुकेशनी उभी होती, कडेवर मुलगी. मुलगी रडत होती. आत येताच गप्प झाली आणि मान वळवून त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघू लागली.

"ताई, ह्ये इथं मधी कुणी आणलं?" सुकेशनीनं हळूच विचारलं.

"मी."

ती फरशीकडे बघत बोलली. "मोठ्या दुष्काळात मिशनच्या दाराशी लेकरं आली होती म्हणे. पाण्याचा घोट मिळायच्या आत गेली. इथंच पुरली. पाद्र्यानं वर कुंड बसवलं... दर लेकराच्या बाप्तिस्म्याचं पाणी त्यांना बी पोचावं म्हणून. आत्याबाई सांगायच्या. सात होती."

"सात?" माझ्या तोंडून गेलं. "मी तर नऊ मोजले."

सुकेशनीनं मुलीला छातीशी घट्ट धरलं.

"माझी दोन..." एवढंच म्हणाली.

त्याच संध्याकाळी नवी फरशी फोडून कुंड जुन्या जागी नेलं. दिनकरराव कुरकुरले, पाहुणे यायलेत म्हणाले, पण सुनेचं तोंड बघून त्यांनीच पहारीला हात लावला. रविवारी मी मागच्या बाकावर बसले होते. पाळकांनी मुलीच्या डोक्यावर तीन ओंजळी घातल्या. उरलेलं पाणी क्षणात, एका घोटात खाली गेलं. मुलगी हसली. मला इतकं रडू आलं की शेजारच्या बाईनं पदर पुढं केला.

निघताना दिनकररावांनी ते कापड माझ्या हातात दिलं. "हे आता घरात नको," म्हणाले.

मुलगी मजेत आहे. परवाच सुकेशनीचा फोन आला, दात आलाय म्हणून. बोलता बोलता मी कापड उलगडलं. नऊ चौकोन होते तसेच होते. त्यांच्या शेजारी दहावा होता, तसाच लेकराच्या मापाचा. शाई ओली वाटावी इतकी काळी. त्याला तीनच रेघा होत्या, चौथी नव्हती.

माझा स्वभाव मी सांगितलाच आहे. म्हणून रोज संध्याकाळी मी सगळ्या पेन्सिली कपाटात ठेवून कुलूप लावते, किल्ली शेजारच्या उमादेवीकडे देते. सकाळी एक पेन्सिल त्या कापडावर असते, नुकतं टोक काढलेली. आणि माझ्या बोटांना शिसं लागलेलं असतं.