तायता मेलितोनची रेषा

शुक्रवारी पाचच्या आत आमच्या गावच्या पाटाचा नकाशा पाणी खात्याला पाठवायचा, एवढंच काम होतं. बसा असे जवळ. मला मोठ्याने सांगता येत नाही.

मी नगरपालिकेच्या कचेरीत नकाशे काढतो. शाळा आठवीत सुटली. संगणकावर रेषा काढायला इंजिनियरबाई नोएमींनी शिकवलं आणि डोंगर चालायला तायता मेलितोनने. तायता म्हणजे बाप. माझा नव्हे, पण सगळेच त्याला तसं म्हणायचे. चाळीस वर्षं तो पाटकरी होता. जीपीएसचं यंत्र गळ्यात अडकवून तो पुढे चालायचा, वही घेऊन मी मागे. प्रत्येक वळणावर थांबून, तो सतत चघळायचा त्या कोकाची तीन पानं दगडाखाली ठेवायची, डोंगराशी दोन शब्द बोलायचे, मगच पुढे. तेवढ्या वेळात यंत्र बिंदू टाकतच राही. म्हणून नकाशावर आमच्या रेषेला जागोजागी गाठी पडल्या होत्या, सुतळीला पडतात तशा.

आमचं भांडण एकच. तायताकडे जमीनवाटपाच्या वेळचा कागदी नकाशा होता, जुन्या निर्देशांक पद्धतीचा. मी यंत्र नव्या पद्धतीवर लावायचो, तो गुपचूप जुन्यावर न्यायचा.

"तायता, जुने आकडे नव्या नकाशावर टाकले की सगळं सव्वाचारशे मीटर ईशान्येला सरकतं."

"मग तुझा नकाशा सरकव. डोंगर कुठे हललाय?"

फेब्रुवारीत, आमच्याकडच्या भर पावसाळ्यात, दरड आली. तायता एकटाच पाट बघायला गेला होता. तिसऱ्या दिवशी खाली घळीत सापडला, यंत्र गळ्यातच. मी त्यातले सेल काढून ते कचेरीच्या खणात ठेवलं. आमची रेषा, पाट जिथून निघतो त्या झऱ्याच्या अलीकडेच तुटलेली राहिली. झरा काळ्या कड्याच्या पोटाखाली; आकाशातून काढलेल्या फोटोत दिसत नाही, आणि वर जायची वाट दरडीने नेली. झरा नकाशावर नसला तर तो आमचा नाही. वरच्या खाणीने त्यावर अर्ज टाकलाच होता. अंदाजाने टिंब टाकलं असतं तर त्यांच्या वकिलांनी ते टिकू दिलं नसतं.

त्या शुक्रवारी दुपारी धुकं खिडकीला चिकटून होतं. मी फाइल उघडली. आमच्या रेषेशेजारी दुसरी एक रेषा होती. घळीवर, नुसत्या हवेत.

"विल्बेर, पाटाला पंख फुटले वाटतं?" मागून इंजिनियरबाई म्हणाल्या. "पद्धत चुकवलीस ना परत?"

"मी नाही काढली ती…"

"मग काय, गिधाडाने काढली? पूस ती. पाच वाजता मला रडका चेहरा दाखवू नकोस."

मी पुसली. तेवढ्यात तायताची बायको, मामा सिप्रियाना, बटाट्याचं सूप घेऊन आली. आमच्याकडे मामा म्हणजे आई. ती रोज आणते, मी हडकुळा आहे म्हणून. तायता गेल्यावर पाचव्या दिवशी, गेलेल्याने मागे वळू नये म्हणून, रीतीप्रमाणे त्याचे कपडे आम्ही नदीवर धुतले होते. पायताणं तेवढी तिने ठेवली होती.

"सकाळी ओली असतात रे पोरा," ती हळूच म्हणाली. "चिखल असतो त्यांना… वरचा, लाल."

मी चमचा खाली ठेवला. पडद्याकडे पाहिलं. रेषा परत आली होती. आधीपेक्षा लांब.

कचेरीत चघळलेल्या कोकाचा वास येत होता. मी अगदी जवळ वाकलो. रेषेला गाठी होत्या. एकेका वळणावर, एकेक. खण उघडला. यंत्र होतं तिथेच, सेलाविना. त्याची दोरी भिजलेली.

"तायता…" माझा आवाज मलाच ऐकू येईना. "जुनीच ना?"

मी त्या रेषेला जुनी पद्धत लावली. ती हवेतून उडी मारावी तशी नैर्ऋत्येला सरकली आणि आमच्या रेषेवर येऊन निजली. गाठीवर गाठ. आमची जिथे तुटली होती तिथून ती पुढे गेली, दरडीवरून, थेट काळ्या कड्याखाली. तिथे शेवटची गाठ होती, मोठी, खूप वेळ थांबल्यासारखी.

इंजिनियरबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग छातीवर क्रूसाची खूण केली.

"पाठव," एवढंच म्हणाल्या.

"हट्टी मेला," मामा सिप्रियाना डोळे पुसत हसली. "मेल्यावरही जुनंच चालवतोय."

झरा आमचा राहिला. पाठवून झाल्यावर मी ती रेषा परत होती तशी, जुन्या आकड्यांत ठेवून दिली. त्याची वस्तू, त्याच्या मनासारखी असू दे. आता ती पुन्हा घळीवर हवेत लोंबकळते.

पण ती थांबलेली नाही. दर आठवड्याला थोडी वाढलेली असते. झऱ्यापासून खाली, गावाच्या दिशेने.

काल तिचं टोक निलगिरीच्या रानात होतं. टोकाला ताजी गाठ. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रान केवढं लांब आहे. घाबरतोस कशाला?"

मी मोजून आलो होतो. आमच्या चुलीपासून ईशान्येला, बरोबर सव्वाचारशे मीटर.

मी सुपाचा आणखी एक वाडगा मांडला.