शंभर मीटर पाइप आणि लामूची भरती

लामूला जायचं असेल तर सोबत काय न्यावं, असं हल्ली मला दोंडाईच्याच्या स्टेशनापासून शिरपूरच्या एसटी स्टँडपर्यंत कुणीही अडवून विचारतं. आमच्या गावातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन आलेला माणूस मी एकटाच, त्यामुळे विचारणाऱ्यांचाही नाइलाज आहे. मी सांगतोही, हौसेनं सांगतो. पण एक गोष्ट आधी बजावतो. आम्ही तिघं तिकडे समुद्र बघायला गेलो नव्हतो. आम्ही पाणी द्यायला गेलो होतो!

मी लोटन. वय अठ्ठावन्न, गाव तापीच्या काठावर, काम ठिबकचं. तीस वर्षांत किती एकरांवर नळ्या अंथरल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण माझा जोड गळतो असं म्हणणारा शेतकरी अजून भेटायचा आहे. दुसरी दिपमाला, जळगावची इंजिनियर, वय अठ्ठावीस. मी तिला चिडवायला ‘मॅडम’ म्हणतो आणि ती खरंच मॅडम आहे, इंग्रजीसोबत कामापुरती स्वाहिली, म्हणजे तिकडची भाषाही शिकून घेतलेली. तिसरा धनसिंग, शिरपूरकडचा फिटर. त्याच्या एका खांद्यावर पाण्याची मोटर द्यावी आणि दुसऱ्यावर गप्पा माराव्यात, असा गडी.

केनियाच्या किनाऱ्यावर लामू नावाचं जुनं बंदराचं गाव आहे. त्याच्या आसपास लहानमोठी बेटं. त्यातल्या किवुंबा या टीचभर बेटावर चाळीस बायकांनी मिळून लिंबाची आणि आंब्याची सहाशे चाळीस रोपं लावली होती. आमच्या कंपनीचा सौर पंप आणि ठिबकच्या नळ्या महिन्यापूर्वीच जहाजानं तिथं पोचून बसवूनही झाल्या होत्या. मोंबासाच्या गोदामात दोनच वस्तू राहिल्या: मेन लाइनचं शंभर मीटर काळं बंडल आणि पंपाचा कंट्रोलर. त्या दोन्हींशिवाय पंप म्हणजे विहिरीत लटकवलेलं लोखंड! बायका बादल्यांनी पाणी घालत होत्या. ते मागच्या ओळींपर्यंत पुरत नव्हतं आणि तिथली रोपं पानं टाकत होती. या बायकांची पुढारी बिबी रुकिया. बिबी म्हणजे त्यांच्याकडे आजीबाई. तिचा फोन आला तेव्हा मी दिपमालाला म्हटलं, “तिले सांग, शुक्रवारले पानी सोडस.” जबान माझी होती.

आता सल्ला. पिवळ्या तापाची लस टोचून घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीपासून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या तिथं बंद आहेत! आमच्या भिकुबाईनं, म्हणजे आमच्या घरच्या मंडळींनी, शेव, पापड, कळण्याचं पीठ सगळं पिशव्यांत बांधून दिलं होतं. नैरोबीच्या विमानतळावर ते सगळं माझ्या रुमालात आणि दिपमालाच्या ओढणीत रिकामं करावं लागलं. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. मोंबासाहून दिवसभराची बस, मग मोकोवेच्या धक्क्यावरून होडी. गाव मुसलमानी रिवाजाचं आहे, खांदे-गुडघे झाकून फिरा, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. मोठ्या माणसाला ‘शिकामू’ म्हणायचं. ‘पाया पडतो’ म्हणावं तसं ते आहे. आमचा नाववाला ओमारी मला पहिल्या दिवशी शिकामू म्हणाला आणि मी तिथल्या तिथं फुगलो.

आणि गाढवांना वाट द्या. लामूच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं उंबऱ्यावर चढायचं. मोटारी नाहीत, सगळा माल गाढवांवर. ओमारीनं सांगितलं होतं, शुक्रवारी सकाळी सहाला धक्क्यावर या, पाणी उतरायच्या आत निघू. आम्ही निघालोही वेळेवर. पण बांबूला अडकवलेलं बंडल आणि समोरून विटा लादलेली सात गाढवं! मी म्हटलं, आधी आम्ही. गाढवांनी ते मानलं नाही. त्यात माझा चहा. धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. ओमारीनं उतरत्या पाण्याकडे बोट दाखवलं आणि शीड सोडलं.

नाव खारफुटीच्या खाडीत शिरली. दोन्ही बाजूंना हिरवी झाडी आणि झाडांच्या मुळ्या पाण्याबाहेर उभ्या, जणू सगळं रान वाळायला दोरीवर टाकलंय. पांढरे बगळे, उथळ पाण्यात उड्या मारणारे मासे, आणि वारा इतका मंद की शीड फुगायचं विसरलं. पाणी मात्र खाली खाली चाललं होतं. साडेनऊला नावेच्या बुडाखाली खरखर झाली. नाव रुतली!

समोर दीड किलोमीटरवर किवुंबाच्या माडांचे शेंडे दिसत होते. मध्ये सगळा ओला, चकचकीत गाळ. ओमारी म्हणाला, दुपारी दोनपर्यंत नाव आपोआप तरंगेल. तोवर तो लाकूडतोड्यांच्या झोपडीवरून एक लहान होडकं घेऊन येतो. जाताना त्यानं दिपमालाला इंग्रजीत दोनदा बजावलं, “नावेतून उतरू नका. काल पौर्णिमा झाली. आजची भरती मोठी आहे.”

तो झाडीआड गेला आणि माझं डोकं फिरलं. दोनपर्यंत इथं बसायचं? समोर रोपं वाळतायत आणि आम्ही ऊन खात बसायचं? तापी ओसरली की आम्ही लहानपणापासून पात्रातून पलीकडे जात आलोय. पूर उतरला की उतरला. पुढचा पाऊस वर कुठंतरी पडेपर्यंत पाणी परत येत नाही. ही माझी अख्ख्या जन्माची समजूत, आणि ती मी समुद्राला लावली!

“नाना, त्यानं उतरू नका म्हटलंय,” दिपमाला म्हणाली.

“मॅडम, तो होडीवाला शे. त्याले चालानी सवय नही,” मी म्हटलं. “तासभरनी वाट शे. चाल रे धनसिंग!”

सव्वादहाला आम्ही उतरलो. बांबूला बंडल, पुढे धनसिंग, मागे मी. कंट्रोलर दिपमालाच्या पाठीवर, तिच्या रेनकोटात गुंडाळलेला.

पहिली दोनशे पावलं मजेत गेली. मग गाळ घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. एक पाय उपसावा तर दुसरा खोल जाई. धनसिंगची चप्पल गाळानं गिळली ती गिळलीच. ऊन डोक्यावर आलं. तासाभरात आम्ही अर्धी वाटही कापली नव्हती. बारा वाजता एका उंचवट्यावर बंडल टेकवून मी घाम पुसला आणि पुढे बघितलं. मघाशी कोरडी असलेली चर पाण्यानं भरली होती.

“नाना!” धनसिंग ओरडला. “पानी मांगून बी ई ऱ्हायनं!”

मी वळलो. आम्ही आलो त्या वाटेवरची आमची पावलं पाण्याखाली गेली होती. पाऊस नाही, ढग नाही, आवाज नाही. पाणी नुसतं सगळीकडून येत होतं. चरी भरत होत्या, मग चरींच्या मधला गाळ. उंचवटा ताटाएवढा राहिला, मग राहिलाच नाही. पाणी गुडघ्याला लागलं. मांडीला लागलं. कंबरेला लागलं!

“मला पोहता येत नाही,” दिपमाला शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, म्हणून मला जास्तच धडकी भरली. तिच्या वडिलांना मी जळगावच्या स्टेशनवर म्हटलं होतं, पोरीची काळजी करू नका, मी आहे. आणि हाच मी तिला इथवर घेऊन आलो होतो.

“आते काय करानं?” धनसिंगनं विचारलं. “बंडल सोडी देऊत का?”

तो पाइप मी मोंबासाहून मांडीवरच्या लेकरागत आणला होता. बसच्या टपावर ठेवू दिला नव्हता. त्याच्याशिवाय बेटावर पोचून उपयोग शून्य. तरी मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

“सोड!” मी म्हटलं. “मानूस पहिले! मॅडमले धर!”

धनसिंगनं बांबू टाकला. बंडल धपकन पाण्यात पडलं, आणि बुडालं नाही! एका बाजूला कललं. उघड्या टोकातून बुडबुडे निघाले, बुड बुड बुड. तीस वर्षं मी पाइपात पाणी भरत आलो, त्यात हवाही असते हे त्या क्षणी दिसलं.

“टोक वर धर! पानी काढ!” मी ओरडलो. “दोन्ही टोकं बंद करानी!”

गडी कामाला लागले! धनसिंगनं टोक डोक्यावर धरून आत गेलेलं पाणी झटकलं. मी डोक्यावरचा रुमाल फाडला, निम्मा एका तोंडात कोंबला, निम्मा दुसऱ्यात. धनसिंगच्या खिशात सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. फिटरच्या खिशात ती नसली तर तो फिटर नव्हे. पट्टी ताणून, दातानं धरून, वेढ्यावर वेढा! दोन्ही तोंडं आवळली. पाणी छातीला आलं होतं. बंडल आता पाण्यावर सपाट, भक्कम पडलं होतं.

“मॅडम, मधमा शिरा! दोन्ही काखा वर!”

दिपमाला वेढ्याच्या मधोमध शिरली, काखा बंडलावर टेकवल्या आणि कंट्रोलर डोक्यावर धरला. आम्ही दोघं दोन बाजूंनी लटकलो. पायाखालचा गाळ सुटला. आणि ओढ लागली!

ओढ बेटाकडे नव्हती. खाडीच्या तोंडाकडून येणारं पाणी आम्हाला बेटाच्या बाजूनं आत, दूर नेत होतं. माडांचे शेंडे डावीकडे सरकायला लागले. धनसिंग ताकदीचा, तो सरळ बेटाकडे पाय मारायला लागला. बंडल जागच्या जागी गरगरलं.

“सरळ नको! तिरपा! तापीमा पोहस तसा तिरपा!”

एवढं मात्र मला खरंच येत होतं. ओढीशी भांडायचं नाही, तिला पुढे जाऊ द्यायचं आणि आपण थोडं थोडं कडेला सरकायचं. पाय मारा! थांबा! पाय मारा! मला धाप लागली, तोंडात खारट पाणी गेलं. दिपमाला मोठ्यानं आकडे म्हणत होती, वीसपर्यंत पाय मारायचे आणि दहापर्यंत विसावायचं. तिनंच तो ताल धरला. तिच्या त्या तालानंच आम्ही एका दिशेला राहिलो. बेटाच्या शेवटच्या टोकाला खारफुटी दिसली. हे टोक सुटलं असतं तर पुढे नुसतं पाणी!

“मारा! थांबू नका! मारा!”

धनसिंगनं झेप घेऊन मुळी धरली. मुळ्यांना कालवं चिकटलेली, पात्यासारखी. त्याचा तळवा फाटला, पण त्यानं सोडलं नाही. मी दुसरी मुळी धरली, माझाही हात कापला. पायाखाली जमीन लागली. आम्ही बंडलासकट, इंजिनियरसकट, कंट्रोलरसकट किनाऱ्यावर आडवे झालो.

दिपमालानं पहिलं काय केलं? रेनकोट उघडला. “कोरडा आहे,” ती म्हणाली आणि मग रडली. मीही रडलो. सांगायला कसली लाज?

“दोघंजण ऐका,” मी म्हटलं. “मन्ही चूक शे. पुरी मन्ही.”

धनसिंग हाताला चिंधी बांधत म्हणाला, “नाना, चूक तुमनी, पन अक्कल बी तुमनीच. चला, पाइप उचला.”

अडीचला ओमारी नाव घेऊन शोधत आला. रिकामी नाव बघून त्यानं काय भोगलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्यानं मला त्याच्या भाषेत जे सुनावलं त्याचा अर्थ दिपमालानं सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. माझ्या वयाच्या माणसाला कुणी असं बोललेलं मी कधी खपवून घेतलं नसतं. त्या दिवशी ते माझं देणंच होतं.

सव्वातीनला बागेत पोचलो. बिबी रुकिया काठीसारखी सरळ, काळ्या वस्त्रातली बाई. आमचे कपडे, आमचे हात बघून तिनं ओमारीला काहीतरी विचारलं. मग माझ्याजवळ येऊन हळू बोलली. ते दिपमालानं सांगितलं. “माझा नवरा याच बेटावर जन्मला होता. त्याला या पाण्याची प्रत्येक खोड माहीत होती. तोही एकदा घाईत त्याच गाळातून निघाला. तो आला नाही.”

मी पाना मागितला.

मग मात्र आम्ही खान्देशी कसं काम करतो ते चाळीस बायकांनी बघितलं! रुमालाचे बोळे काढले, विहिरीच्या गोड्या पाण्यानं पाइप धुतला, मीठ राहू दिलं नाही. धनसिंगनं फाटक्या हातानं बंडल उलगडलं. मी जोड आवळले, एकही थेंब बाहेर नाही. दिपमालानं कंट्रोलरच्या वायरी जोडल्या. सव्वाचार झाले होते. ऊन तिरपं झालं होतं, पण होतं.

“नाना, सोडू?” तिनं विहिरीवरून हाक दिली.

“सोडा मॅडम!”

आधी हवा निघाली. फुस्स, फुस्स. बायकांचे चेहरे उतरले. मग काळा पाइप थरथरला आणि मी त्याच्या बाजूनं चालायला लागलो. पहिली ओळ ओली झाली. दहावी. विसावी. बिबी माझ्या मागून चालत होती. शेवटच्या ओळीत, ज्या ओळीपर्यंत बादली कधी पुरली नव्हती, त्या ओळीतल्या शेवटच्या लिंबाला दोन पानं उरली होती. मी खाली बसलो. नळीच्या भोकाशी काही नव्हतं. मी बघत राहिलो. काही नव्हतं. मग एक थेंब फुगला, लोंबला आणि मुळाशी पडला. मग दुसरा.

“नाना, शेवटच्याला आलं का?” दिपमाला लांबून ओरडली.

सगळा जोर लावून, दोंडाईच्याच्या बाजारात ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी ओरडलो, “ऊनं! बठ्ठास्ले पानी ऊनं!”

‘आलं, सगळ्यांना पाणी आलं’ हे कळायला त्या बेटावर अहिराणी कुणालाच येत नव्हती. पण चाळीस बायकांनी एका दमात जीभ हलवत अशा लांब, आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या की खारफुटीतले सगळे बगळे उडाले!