पितळेकडे झुकलेली पट्टी

कुणाचा विश्वास बसायचा नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो — पेणच्या जगन तांबटाचं लग्न एका वीतभर पट्टीनं जुळवलं. मधे ना भट, ना मध्यस्थ!

त्र्याऐंशी साल, श्रावणातली झड. जगन दुकानात फुटक्या हंड्याला वितळलेल्या कथलाचा डाख देत बसलेला. पाऊस चुकवत एक मुलगी पायरी चढली, पदर पिळला, अन् वर पाहिलं… डाख हंड्याऐवजी मांडीवर सांडला, तरी पठ्ठ्याला कळलं नाही!

"जगन तांबट कुठे भेटतील?"

"काय काम हाय?"

"भांडायचंय."

"मग तो कोलाडला गेलाय. भांडण माझ्याकडं ठेवून जा, मी देईन त्याला."

"खोटं बोलायचं तर बाहेरची पाटी तरी उतरवायची!" ती हसली. "अन् भांडायचंय ते त्यांच्याशी नाही… त्यांच्यासाठी."

ही सगुणा. मिठागरवाल्या काळुरामची लेक, रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. जगननं त्या कंपनीला तांबं-पितळ तापवून, ठोकून एकजीव केलेली सरळ पट्टी दिली होती. आठ दिवस भट्टीत राहून ती वाकडी निघाली. साहेब म्हणाले, तांबटाचं काम कच्चं, पुन्हा त्याला काम नाही.

"काम कच्चं नाही," सगुणा भराभर बोलू लागली. "धातूचे कण स्वस्थ बसत नाहीत. भट्टीत पितळेतलं जस्त तांब्यात शिरतं, तांबं पितळेत येतं. पण जस्त उतावळं! तांबं येतं त्याहून जास्त निघून जातं. पितळ आकसतं, तांबं फुगतं, अन् पट्टी पितळेकडे वाकते."

"येणारे कमी, जाणारे जास्त… आमची आळीच की!"

"ऐका हो! नुसती तापून वाकली असती तर तांब्याकडे, अन् गार झाल्यावर सरळ. दुसरी पट्टी द्या. साहेबांना सांगून आलेय, तीही अशीच वाकेल. नाही वाकली तर नोकरी सोडेन."

हे शेवटचं जगनला ऐकूच आलं नाही. तिच्या कानाच्या पाळीवरून एक थेंब खाली यायचा होता… त्याकडे लक्ष होतं बिचाऱ्याचं. त्याला वाटलं, पट्टी सरळ निघाली की आपलं नाव राहील, अन् हीही खूश! तांबटाची रीतच ती — जिथं वाकणार, तिथं आधीच उलटा बाक द्यायचा. तिनं सोबत आणलेल्या वाकड्या पट्टीचा बाक त्यानं कागदावर उतरवला, नव्या पट्टीला तेवढाच उलटा दिला, अन् पुडी तिच्या हाती ठेवली. बोटाला बोट लागलं — आणि मोजमापात कधी न चुकणारी सगुणा पुडी न उघडताच एस.टी.त बसली!

नवव्या दिवशी ती परत आली. डोळे लाल.

"सरळ निघाली, मिस्त्री. नोकरी गेली माझी."

"सरळच निघायला हवी ना? म्हणून तर उलटा बाक—"

"काय केलंत?"

जगननं घाबरत कागद पुढे केला. तिनं पाहिला… रडता रडता तिला हसू फुटलं.

"बुडवलंत हो मला!"

"मीच काढतो. चल गो!"

ओल्या कपड्यांनिशी तो साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, लबाडी माझी. मी वाकडी दिली, तुमच्या भट्टीनं सरळ केली. घ्या मोजून." कागदावरचा बाक पहिल्या पट्टीशी तंतोतंत जुळला; म्हणजे भट्टीनं दुसरीही तेवढीच वाकवली होती. सगुणाची नोकरी राहिली, जगनचं कामही.

रोह्याच्या स्टँडवर पाऊस कोसळत होता.

"सगुणा… आपण जोडून राहिलो, तर वाकू का गो?"

"वाकू की."

"कुणाकडे?"

"तुम्ही वाका. मी बघते!"

सरळ निघालेली ती पट्टी सगुणानं पेटीत ठेवली. आता खरी गंमत ऐका — त्या थंडगार पेटीत पट्टी रोज थोडी थोडी वाकत गेली, अन् हळदीच्या दिवशी दोन्ही टोकं जुळून अशी सुरेख बांगडी झाली, की—

"खोटं!" चहाचे कप घेऊन आलेल्या सगुणाबाई दारातूनच गरजल्या. बांगडी मनगटावर खणखणली. "भट्टीबाहेर पट्टी वाकते होय? चाळीस वर्षं झाली शिकवून! स्वतः लपून ठोकलीत ही, अन् चेचल्या अंगठ्याला चिंधी बांधून बोहल्यावर आलात… ते सांगा की पाहुण्यांना!"