वाळूतला पांढरा त्रिकोण

"माज्या सुनेनं मेलेल्या सासूच्या चित्राला हात लावलाय. तिच्या तोंडून ते वदवून घ्या." मन्मथअप्पांनी सत्यशीलाबाईंना एवढंच सांगितलं. दोन दिवस ते रोहिणीच्या हातचं जेवले नव्हते.

खासगी तपास करणाऱ्या सत्यशीलाबाई बीडहून आल्या होत्या. सोबत त्यांचा मदतनीस तानाजी. सिरसाळ्यातली ती पत्र्याची खोली एप्रिलच्या उन्हानं भट्टी झाली होती. तिथं अप्पांच्या बायकोनं, कावेरीबाईंनी रंगवलेला समुद्र उभा होता. निळे-हिरवे त्रिकोण, खाली वाळूचे पिवळे चौकोन. कावेरीबाई तीन महिन्यांपूर्वी वारल्या, तेव्हा वाळूत एक त्रिकोण पांढराच राहिला होता. अप्पा रोज दारातल्या खुर्चीवरून तो कोरा तुकडा बघत. परवा तिथं दोन छोटे त्रिकोण दिसले. एक जांभळा, एक करडा.

सत्यशीलाबाईंनी चित्रावर बोट फिरवलं. सगळीकडं धूळ, त्या जागी नाही.

"म्हणजे रंग ताजा!" तानाजी म्हणाला. "सापडली!"

"थांब रे."

रोहिणीचे डोळे सुजले होते. "मी फकस्त झाडते. चित्राजवळ अप्पा जाऊ देत न्हाईत. परवा एक कागद पडलेला सापडला. आत्याबाईंचा म्हणून फेकवंना. खिडकीत ठिवलाय."

पाट्या रंगवणारा बद्रीनाथ शेजारीच राहायचा. तानाजीनं त्याला दरडावलं.

"मी कशाला हात लावीन बे? काकू माज्याकडून कागदी चिकटपट्टी न्यायच्या, तेवढंच. रंगवताना लावली की कड लई साफ येते तिनं."

सत्यशीलाबाईंनी खिडकीतला कागद घेतला. पांढरा, तिकोनी, उन्हानं आक्रसलेला. कडेला पट्टी, पट्टीवर पिवळा रंग. त्यांनी तो चित्रावर धरला. त्या दोन त्रिकोणांवर नेमका बसला.

"अप्पा, कोणीच हात लावला नाही. वाळू रंगवताना हा कागद इथं चिकटलेला होता, म्हणून कडेला पिवळा रंग आहे. मग त्याच्याखालचं त्याच्याही आधी कोणी रंगवलं? कावेरीबाईंनीच. रंग लागू नये म्हणून झाकलं, आणि काढायच्या आत त्या गेल्या. परवा उन्हानं डिंक सुटला. धूळ कागदावर बसली, खाली नाही."

अप्पा पहिल्यांदाच चित्राजवळ गेले. कावेरीचं जांभळं लुगडं. आपली करडी बंडी. अगदी पाण्याच्या कडेला, शेजारी शेजारी.

"लगीन झाल्यावर अलिबागला गेलतो," ते हळू म्हणाले. "ती पाण्यात हुबी. मी लांब, पिशव्या राखत बसलो. लई हाका मारल्या तिनं."

तानाजीनं मान फिरवली.

"रोहिणी," अप्पांनी हाक मारली, "भाकरी हाय का गं? दोघं बसू जेवायला."