एकशे चौदा नंबरची जागा

त्या खुर्चीवर नको गं सुमेधा, इकडे ये, दिव्यापाशी बस. अगं, रागावून नाही सांगत. चहा घे आधी, मग का ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, दोन हजार चारच्या जानेवारीतली. लेक आमचा, अक्षत, तेव्हा इराकमध्ये. कॉलेजच्या सेकंड इयरला असताना पठ्ठ्या आम्हाला न विचारता अमेरिकन आर्मीच्या रिझर्व्हमध्ये नाव घालून बसला होता. बोलावणं आलं तशी बॅग भरून गेला. अक्षतचा बाबा, रवींद्र, ऑफिसला गेला की डब्लिनचं हे एवढं थोरलं घर मला खायला उठायचं. फोन वाजला तरी धडधड, नाही वाजला तरी धडधड. शेवटी अक्षतच्याच युनिव्हर्सिटीत, जुन्या कागदांच्या विभागात, व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले. पाऊण तासाचा ड्राइव्ह.

युनिव्हर्सिटीला पावणेदोनशे वर्षं होणार होती आणि त्यांना सगळा इतिहास छापायचा होता. डोरोथी म्हणून तिथली बाई, पासष्टीची, हळू बोलणारी. ती माझ्यापुढे एकेक खोकं आणून ठेवायची आणि मी टाइप करायचे. काय एकेक गमती निघाल्या सांगू! सुरुवात झाली ती जंगलातल्या एका लाकडी खोपटात, एक पाद्री आणि अकरा मुलं. मग त्याच मुलांनी तिथलीच माती मळून विटा भाजल्या आणि पहिली इमारत उभी केली. कालवा आला, रेल्वे आली. मुलींना प्रवेश दिला तेव्हा दोन प्रोफेसर रुसून राजीनामा देऊन गेले. मेले कुठले! आज तिथे लेसरच्या लॅब आहेत, गावात मावणार नाही एवढं फुटबॉलचं स्टेडियम आहे. पण त्यांच्या त्या यादवी युद्धातल्या वर्षांचं खोकं उघडलं तर आत नुसती एक पातळ वही.

"ही चॅपलची हजेरी," डोरोथी म्हणाली.

रोज सकाळी प्रार्थनेला प्रत्येकानं यायचंच, आणि प्रत्येकाची जागा नंबरानं ठरलेली. हजेरी घेणारा वर गॅलरीत बसायचा आणि खाली जी जागा रिकामी दिसेल तिचा फक्त नंबर लिहायचा. आलेल्यांची नोंदच नाही बघ, न आलेल्यांचीच. सलग नव्वद दिवस जागा रिकामी राहिली की नाव कमी, जागा दुसऱ्याला. मुलं युद्धावर जात होती. पानापानावर नंबर वाढत जायचे आणि मग एकेक करून गळायचे.

एकशे चौदा हा नंबर जिथे पहिल्यांदा आला, त्या पानाला एक पत्र टाचलेलं होतं. इलायजा वॉर्ड नावाच्या मुलाच्या आईचं. "माझा मुलगा येईपर्यंत त्याची जागा कुणाला देऊ नका. परत आल्यावर त्याला बसायला जागा नाही, असं होऊ नये." बस, एवढंच. अक्षर वेडंवाकडं, फारसं शिकायला न मिळालेल्या बाईचं. मी टाइप करता करता रडले गं. त्या दिवशी बासष्टाव्या दिवसापर्यंत आले होते. रोज एकशे चौदा, एकशे चौदा.

दुपारी डबा घेऊन चॅपलमध्ये गेले. आत कुणी नव्हतं. बाहेर बर्फ पडत होता आणि रंगीत काचांतून मधासारखा उजेड बाकांवर सांडला होता. चॅपल आता गॅसवर तापतं, तरी आत दगडी कोळशाचा वास होता. बाकांवर जुने पितळी नंबर अजून आहेत. सापडला मला एकशे चौदा. अंगात अक्षतचा कोट होता माझ्या, त्या दिवसांत मी तोच घालायची. खिशात हात घातला तर त्याचा निळ्या काठाचा रुमाल. मनात काय आलं कोण जाणे! अमरावती स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आयुष्य गेलेली मी. टाकला रुमाल बाकावर. म्हटलं, "बाई, धरली हो तुमच्या लेकाची जागा." आणि माझं मलाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. त्रेसष्टावा दिवस. एकशे दोन, एकशे नऊ, एकशे वीस. एकशे चौदा नाही. पुढच्या पानावर नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"डोरोथी, आला गं तो!" मी मराठीतच ओरडले.

तिनं वही बघितली आणि कपाळाला आठी घातली. इलायजा वॉर्ड कधीच परत आला नाही, म्हणाली, बेपत्ता म्हणूनच नोंद आहे. मागच्या उन्हाळ्यात वहीचं स्कॅनिंग केलेलं होतं, ते तिनं कॉम्प्युटरवर उघडलं. स्क्रीनवर प्रत्येक पानावर एकशे चौदा, थेट नव्वदाव्या दिवसापर्यंत. हातातल्या वहीत नाही. खोडलेलं नाही, खरवडलेलं नाही.

"लेट इट बी, शैला," ती म्हणाली आणि वही बंद केली.

मला भीती नाही वाटली. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. रोज डबा घेऊन तिथेच जाऊन बसायची, त्या जागेच्या मागच्या बाकावर. डोळ्यांवर गुंगी यायची. आजूबाजूला खूप जण अंग आखडून बसलेत आणि हळूच काहीतरी गुणगुणताहेत असं वाटायचं. रुमाल होता तिथेच होता, उचललाही नाही कुणी.

मग एका रविवारी अक्षतचा फोन आला.

"आई, हल्ली झोप खूप येते यार. अँड इट्स ऑल्वेज द सेम ड्रीम. लाकडी बाक... कोळशाचा वास... आणि एक मुलगा बाजूला उभा असतो, भिजलेला कोट घालून. तो विचारतो, ही जागा तुझी का? मी म्हणतो, नाही. पण मला उठताच येत नाही, आई. रोज जास्तच जड होतं. काल गाडी निघाली तरी मी उठेना, त्यांनी मला हलवून हलवून..."

लाइन कट झाली आणि मला एकदम तो रुमाल आठवला. एसटीत जागा कुणाची होते? ज्याचा रुमाल पडला त्याची. मी बिनडोक बाईनं माझ्या जित्याजागत्या मुलाचा रुमाल न आलेल्यांच्या बाकावर टाकला होता!

तशीच गाडी काढली. बर्फात कशी पोचले देव जाणे. चॅपल उघडं होतं. बाकावर सगळीकडे धूळ, रुमालावर मात्र कण नाही. हात लावला तर गरम. उचलायला गेले तर उचलेना... त्याच्यावर कुणीतरी बसल्यासारखा.

"अक्षत, ऊठ रे राजा... ऊठ... घरी चल..."

टोक तेवढं हलल्यासारखं वाटलं. तेव्हा मी रडत रडत म्हटलं, "बाई, मला माफ करा. तुमचाही यायला हवा होता. पण मला माझा हवाय हो." आणि सगळा जीव लावून रुमाल ओढला. निघाला. माझ्या मागून ओल्या बुटांची पावलं बाकांमधून दरवाज्यापर्यंत गेली. सावकाश गेली. मी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत एकशे चौदा परत होता, त्रेसष्टाव्या दिवसापासून. नव्वदाव्या दिवशी तांबड्या शाईनं नाव कापलेलं. मी ते टाइप केलं आणि तिथे जाणं सोडलं.

पुढच्या वर्षी अक्षत आला. हातीपायी धड, अगदी तस्सा. मी त्याच्यासाठी भरली वांगी केली होती. जेवायला बसला आणि शेजारची खुर्ची ओढली. खिशातून रुमाल काढला, नीट उलगडला आणि त्या खुर्चीवर घातला. जन्मात एसटी न बघितलेलं पोर ते. ही गोष्ट मी कुणाजवळ बोलले नव्हते, रवींद्रजवळसुद्धा नाही.

"कुणासाठी रे?" मी विचारलं.

त्यानं पोळीचा तुकडा मोडला. "त्याला तिकडे बसायला जागा नाही ना आता, आई. मीच म्हटलं, कम होम विथ मी."

मी उठले आणि चौथं पान वाढलं. तेव्हापासून रोज वाढते. रुमाल दर रविवारी धुते.

घे ना, चहा गार झाला बघ तुझा. वास ना? दगडी कोळशाचाच आहे. नाही गं, अक्षत अजून लायब्ररीत आहे, त्याला यायला तासभर आहे. तो मात्र अक्षतच्या आधी येतो.